वापरलेलं कार जीपीएस युनिट घेताना काय बघावं? त्यातले नकाशे अद्ययावत होतात का?

आडवाट

नमस्कार मंडळी. गाडीत काचेला लावायचं वेगळं जीपीएस युनिट घ्यायचं ठरतंय. नवं नको, वापरलेलंच बघतोय. सध्या तीन युनिटं नजरेत आहेत. एक गार्मिनचं नुवी आहे, नावाच्या शेवटी 'एलएम' अशी अक्षरं. दुसरं टॉमटॉमचं, पण त्याची मूळ केबल विकणाऱ्याकडे नाही. तिसरं कुठल्याशा अनोळखी बनावटीचं आहे, सोबत एक मेमरी कार्ड मिळतं आणि त्यात 'सगळ्यात नवा नकाशा भरलेला आहे' असं सांगतात.

माझे प्रश्न दोनच. हाताळताना नेमकं काय तपासू? आणि इतक्या जुन्या यंत्रात आजचा नकाशा घालता येतो का, की जो आहे त्यावरच भागवायचं?

पाचवा_गिअर

मोबाईल खिशात असताना हा खटाटोप कशासाठी? फोनमधला नकाशा आपोआप ताजा राहतो, वाहतूक कोंडीही दाखवतो. वेगळं युनिट म्हणजे एक केबल आणि एक काळजी वाढली.

आडवाट

@पाचवा_गिअर, प्रश्न रास्त आहे. गाडी बहुतेक वेळा बाबा चालवतात. वळणाच्या तोंडाशी फोन आला की नकाशा झाकला जातो, ते गोंधळतात आणि वळण चुकतं. एकदा भर उन्हात काचेला लावलेला फोन तापून बंद पडला. त्यांना एक पडदा हवाय, ज्यावर रस्त्याशिवाय दुसरं काहीही येणार नाही. शिवाय आमचा बराच प्रवास रेंज नसलेल्या भागातून होतो.

सर्किटवाला

ही कारणं पुरेशी आहेत, तेव्हा मूळ प्रश्नाकडे वळू.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. युनिट जुनं झालं म्हणून त्याला उपग्रह दिसायचे थांबत नाहीत. जीपीएस युनिट काहीच प्रक्षेपित करत नाही, रेडिओसारखं फक्त ऐकतं. सुमारे २०,२०० किमी उंचीवरून उपग्रह वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात, चार उपग्रह नीट ऐकू आले की युनिटला आपली जागा आणि अचूक वेळ दोन्ही काढता येतात. पूर्वी सामान्य लोकांसाठीच्या संदेशात अचूकता कमी करायला मुद्दाम त्रुटी घातलेली असायची, ती अमेरिकेने २ मे २००० रोजी काढून टाकली. त्यानंतरचं कुठलंही धड युनिट उघड्या आभाळाखाली रस्ता ओळखण्याइतकं अचूक असतंच.

मग म्हातारं काय होतं? बॅटरी, टचस्क्रीन, चार्जिंगचं तोंड आणि नकाशा.

बॅटरी लिथियम-आयनची असते. युनिट टेबलावर पालथं ठेवा, मागचं आवरण फुगलेलं असेल किंवा पडद्याची एखादी कड वर आली असेल तर परत करा. फुगलेली बॅटरी चालवून बघण्याची वस्तू नव्हे. फक्त चार्ज टिकत नसेल तर एवढं बिघडत नाही, गाडीत ते केबलवरच चालणार.

जुन्या युनिटांचा पडदा बोटाच्या दाबावर चालतो, म्हणजे फोनसारखा नुसता स्पर्श पुरत नाही. पत्ता टाकायचा कीबोर्ड उघडा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं दाबा. मधली अक्षरं लागतात आणि कडेची चुकतात, हा दोष मी पुष्कळ युनिटांत पाहिलाय. विकणारा नेमका मधेच बोट लावून दाखवतो.

चार्जिंगचं तोंड बहुतेकदा मिनी यूएसबी असतं. केबल लावून हलकेच हलवा. पडदा लुकलुकला तर आतला सांधा सैल झालाय.

नकाशाचं जाणकार सांगतीलच, पण माझ्या लेखी तोच मुख्य मुद्दा. बाकी सगळं डागडुजीत येतं, नकाशा येत नाही.

नकाशेवेडा

सर्किटवाला यांच्या शेवटच्या वाक्याला +१.

आडवाट, 'एलएम' म्हणजे लाइफटाइम मॅप्स. 'एलएमटी' असेल तर त्यात वाहतुकीची माहितीही आली. पण पुष्कळ मॉडेलांत वाहतुकीचा रिसीव्हर युनिटमध्ये नसून चार्जिंगच्या केबलमध्ये असतो. मूळ केबल हरवली तर शेवटच्या 'टी'चा काही उपयोग नाही. ज्या नुवीवर ही अक्षरं नाहीत, त्याच्या नकाशाची प्रत्येक नवी आवृत्ती बहुधा विकत घ्यावी लागते.

आता 'लाइफटाइम' कोणाचा? तुमचा नाही, युनिटचा. कंपनी त्या मॉडेलला पाठबळ देते तोवरचा. २०१८ मध्ये टॉमटॉमने काही जुन्या मॉडेलांना यापुढे नवे नकाशे मिळणार नाहीत असं जाहीर केलं, नवे नकाशे पेलण्याची त्यांची ताकद उरली नाही हे कारण दिलं. नकाशे दरवर्षी फुगतात, युनिटची मेमरी मात्र जन्मली तेवढीच राहते.

तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नका. विकणाऱ्याला म्हणा, संगणकाला जोडून दाखवा. त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर संगणकावर लागतं, गार्मिनसाठी गार्मिन एक्सप्रेस, टॉमटॉमच्या पुष्कळ मॉडेलांसाठी मायड्राइव्ह कनेक्ट. युनिट ओळखलं गेलं आणि समोर नव्या नकाशाचं नाव आलं, तर ते खरं. दहा मिनिटांचं काम आहे. त्याला कोणी टाळाटाळ केली तर मी तिथून उठतो.

रिकामी_सीट

नकाशेवेडा, थोडी असहमती. गार्मिनच्या लाइफटाइम नकाशांच्या अटी मी नीट वाचल्या होत्या. हे सदस्यत्व दुसऱ्या व्यक्तीकडे किंवा दुसऱ्या यंत्राकडे देता येत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. मग वापरलेलं घेणाऱ्याला तुम्ही ते हक्काचं म्हणून कसं सांगता?

नकाशेवेडा

बरोबर पकडलंत, 'हक्काचं' असं मी म्हणायला नको. माझ्याकडची दोन्ही युनिटं वापरलेली आहेत, दोन्ही मी माझ्या खात्यावर नोंदवली आणि दोन्हींना नकाशे मिळाले. तो माझा अनुभव झाला, अट तुम्ही म्हणता तशीच आहे. म्हणूनच त्या दोन अक्षरांसाठी जास्त मोजू नका, संगणकाच्या पडद्यावर प्रत्यक्ष दिसेल तेवढंच धरा.

पाचवा_गिअर

आणि आज मिळाला, पण पुढच्या वर्षी बंद झाला तर?

नकाशेवेडा

तर आजचा नकाशा त्यात राहतोच, पुसला जात नाही. रस्ते काही एका वर्षात सगळे बदलत नाहीत. नवा पूल, नवं वळण, बदललेली एकेरी वाहतूक, तेवढ्यापुरतं डोळे उघडे ठेवायचे.

सात_दिवस

अजून कोणी तारखेचं बोललं नाही, आणि जुनं युनिट घेताना मी सगळ्यात आधी तीच बघतो.

जीपीएसच्या मूळ संदेशात वर्ष नसतं, आठवड्याचा क्रमांक असतो, तोही दहा बिटांचा. म्हणजे ० ते १०२३ आणि पुन्हा ०. मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली. पहिली फेरी ऑगस्ट १९९९ मध्ये संपली, दुसरी ६ एप्रिल २०१९ च्या रात्री, आणि तिसरी नोव्हेंबर २०३८ मध्ये संपेल. ज्या युनिटच्या आज्ञावलीत याची सोय नाही, त्याला ७ एप्रिल २०१९ हा दिवस २२ ऑगस्ट १९९९ वाटला. काही युनिटांत ही गडबड दुसऱ्याच दिवशी उद्भवते, कारण बनवणाऱ्याने मोजणीचा आरंभ आपल्या सोयीने धरलेला असतो.

रस्ता तरीही बरोबर दाखवला जाऊ शकतो, म्हणून घेणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. माझ्या एका जुन्या युनिटचा पडदा टळटळीत उजेडात रात्रीच्या काळ्या रंगात जायचा. महिनाभर मी सेटिंग चाळत बसलो. मग कळलं, सूर्यास्ताची वेळ ते तारखेवरून काढतं, आणि तारीखच साडेसात महिने सरकलेल्या ऋतूतली होती! त्या मॉडेलला नवी आज्ञावली उपलब्ध होती. ती घातली आणि सगळं जागेवर आलं.

तेव्हा उघड्या आभाळाखाली उपग्रह पकडू द्या, मग तारीख आणि वेळ बघा. घरात बसून दिसणारी तारीख धरू नका.

वळणावर

सात_दिवस, वाचनखूण साठवली! माझ्या युनिटची तारीख चुकते म्हणून मी ते कपाटात टाकून दिलं होतं. आज काढते बाहेर.

लुकलुक

माझी शंका आहे. मी वापरलेलं युनिट आणलं, गाडीत चार्ज होत नाही. चालू केलं की पडद्यावर संगणकाचं चित्र येतं आणि तिथेच अडकतं. बिघडलेलं मिळालं का?

सर्किटवाला

@लुकलुक, बहुधा युनिट ठणठणीत आहे, केबल चुकीची आहे. तुम्ही फोनच्या चार्जरला साधी यूएसबी केबल लावली असणार. मिनी यूएसबीला पाच पिना असतात. गार्मिनच्या गाडीतल्या केबलमध्ये त्यातल्या एका पिनेवरून 'ही नुसती वीज आहे' अशी खूण दिलेली असते. साध्या केबलमध्ये ती नसते, म्हणून युनिट समजतं की आपल्याला संगणकाला जोडलंय. गाडीसाठीची केबल मिळवा. उलट नकाशा अद्ययावत करताना साधी डेटा केबलच हवी, गाडीची चालणार नाही.

लुकलुक

केबल बदलली, चाललं! पाच दिवस झाले होते डोकं खाजवत. मनापासून आभार.

घाटमाथा

तिसऱ्या युनिटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आडवाट. ते कार्ड घेऊ नका.

कंपन्यांचे नकाशे त्या त्या युनिटच्या क्रमांकाला कुलूपबंद केलेले असतात. एका युनिटचं कार्ड दुसऱ्यात घातलं तर 'नकाशा उघडता येत नाही' अशी पाटी येते. कुलूप तोडून भरलेला नकाशा असेल तर ती सरळ चोरी झाली. आणि व्यवहाराच्या बाजूनेही तो वाईटच, कारण अशा नकाशाला पुढची आवृत्ती मिळत नाही. सगळ्यात नवा म्हणून दिलेला नकाशा किती जुना आहे, हे युनिटच्या माहितीच्या पानावर बघता येतं. गार्मिनमध्ये २०२४.१० अशा धर्तीवर आकडा असतो, आधी वर्ष आणि बिंदूनंतर त्या वर्षातली आवृत्ती. विकणाऱ्याच्या तोंडापेक्षा ते पान खरं.

चोख आणि फुकट नकाशा हवा असेल तर ओपनस्ट्रीटमॅप आहे. २००४ मध्ये सुरू झालेला प्रकल्प, लोकांनी मिळून काढलेला नकाशा, कोणीही वापरावा असा. त्यातून गार्मिनच्या पद्धतीची फाइल बनवून देणारी माणसं आहेत, एमकेजीमॅप नावाचं साधन वापरून ती तुम्हीही बनवू शकता. मी गेली काही वर्षं एका जुन्या नुवीत हाच नकाशा वापरतोय आणि पायवाटांच्या बाबतीत तो मला विकतच्या नकाशाहून सरस वाटतो.

कृती सांगतो. कार्ड फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट करा. त्यात 'गार्मिन' (इंग्रजीत Garmin) नावाचा फोल्डर करा आणि फाइल त्यात ठेवा. जुन्या युनिटांना फाइलचं नाव 'जीमॅपसप्प' (gmapsupp.img) हेच लागतं, दुसरं नाव दिलं तर दिसत नाही. नव्या युनिटांना चालतं. एक फाइल ४ जीबीच्या पुढे गेली तर फॅट ३२ ती घेत नाही, म्हणून लागेल तेवढाच प्रदेश निवडा. शेवटी युनिटच्या नकाशा सेटिंगमध्ये जाऊन जुन्या नकाशावरची खूण काढा. दोन्ही चालू राहिले तर एक दुसऱ्याला झाकतो आणि फाइल चढली नाही असं वाटत राहतं.

रिकामी_सीट

घाटमाथा, पायवाटांचं मान्य. पण घरक्रमांकाने पत्ता शोधून बघा. पुष्कळ भागांत क्रमांक कोणी भरलेलेच नाहीत. बाबांना पत्ता टाकून निघायचं असेल तर ते अडतील.

घाटमाथा

खरं आहे, पत्त्याचा शोध ही त्याची दुबळी बाजू. मी निघण्यापूर्वी नकाशावर बोट ठेवून ठिकाणं जतन करतो आणि मग यादीतून निवडतो. तेवढं घरच्या कोणी आधी करून दिलं तर बाबांचं अडणार नाही. आणि आपल्या गल्लीचे क्रमांक आपण स्वतः त्या नकाशात भरू शकतो. मी आमच्या भागातले एका सुट्टीत भरले. पुढच्या वेळी फाइल बनवली तेव्हा ते माझ्या युनिटमध्ये दिसले, त्या आनंदाला तोड नाही.

वळणावर

किती सुंदर! मीही भरणार.

धीराने_घ्या

नकाशा अद्ययावत करताना घाई करू नका, हे कळकळीने सांगते. काही जीबींचा नकाशा आधी उतरवायचा आणि मग केबलवरून युनिटमध्ये चढवायचा, यात काही तास जातात. माझं युनिट चढवता चढवता लॅपटॉप झोपला आणि जोडणी तुटली. त्यानंतर युनिट चालू केलं की नुसतं बोधचिन्ह यायचं. सॉफ्टवेअरमधून पुन्हा चढवल्यावर ते वाचलं, पण ती संध्याकाळ मी विसरणार नाही.

आता मी लॅपटॉप चार्जरला लावते, त्याची झोप बंद करते, युनिट हबमधून न जोडता थेट लॅपटॉपला जोडते आणि त्याआधी जतन केलेली ठिकाणं संगणकावर उतरवून ठेवते. जागा अपुरी आहे असा संदेश आला तर घाबरायचं नाही. गार्मिन एक्सप्रेस बहुतेक वेळा दोन वाटा देतं, एक तर नकाशातला ठरावीक प्रदेशच घ्या, किंवा युनिटला कार्डाची खाच असेल तर कार्ड घाला. मी कार्ड घातलं.

वाय-फाय असलेली युनिटं या सगळ्यातून सुटतात, त्यांना संगणक लागत नाही. तसं मिळालं तर मी तेच घेईन.

पाचवा_गिअर

एवढं सगळं वाचून मी घरातला जुना फोन काढला. सिम नाही. ऑफलाइन नकाशाचं ऑसमॅंड घातलं, प्रदेश उतरवून घेतला. सर्किटवाला म्हणतात तसं जीपीएस फक्त ऐकतं, त्यामुळे इंटरनेटशिवाय छान चालतंय. फोन येण्याचा प्रश्नच नाही. पहिल्यांदा जागा पकडायला मात्र फार वेळ लागला, बिघाड आहे का?

सर्किटवाला

बिघाड नाही. रोजचा फोन मोबाईलच्या जाळ्यातून उपग्रहांची माहिती आधीच घेतो, म्हणून झटकन जागा पकडतो. सिम नसलेला फोन किंवा स्वतंत्र युनिट ती माहिती उपग्रहाकडूनच ऐकतं. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील ३० सेकंदांत मिळतो, पण सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. महिनोन्महिने बंद असलेलं किंवा बंद अवस्थेत शेकडो किलोमीटर लांब नेलेलं युनिट म्हणूनच पहिल्यांदा वेळ घेतं. त्याला उघड्यावर एका जागी स्थिर ठेवा. चालत्या गाडीत झाडांच्या सावलीतून तोच संदेश तुटक ऐकू येतो आणि वेळ आणखी वाढतो.

वापरलेलं युनिट तपासतानाही हे लक्षात ठेवा, आडवाट. दोन मिनिटांत जागा आली नाही म्हणून चांगलं युनिट नाकारू नका.

काचेआड

माझं युनिट गाडीत आंधळं आणि गाडीबाहेर उत्तम चालायचं. काही गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता अडवण्यासाठी धातूचा पातळ थर असतो, तो उपग्रहांचे रेडिओ संदेशही अडवतो. अशा काचेत बहुतेकदा आरशाच्या मागे थोडी जागा मोकळी सोडलेली असते. युनिट तिथे लावलं आणि काम झालं. युनिटला दोष देण्याआधी ते हातात धरून खिडकीबाहेर करून बघा, गाडी उभी असताना.

मुक्काम

कोणी हेही सांगा की घेतल्यावर आधी सगळं पुसायचं. मी घेतलेल्या युनिटमध्ये 'घर' या बटणाखाली आधीच्या मालकाचं घर तसंच होतं, आणि 'अलीकडची ठिकाणं' यात त्यांचा वर्षभराचा प्रवास. एका रुग्णालयाची जागा इतक्या वेळा होती की मला कसंसंच झालं. त्यांच्या घरातलं कोणी आजारी असणार. मी लगेच सगळं पुसलं, आणि त्यांना फोन करून पुसल्याचं कळवलं. त्या बाईंना ते ठाऊकच नव्हतं. विकणाऱ्यांनी हे स्वतः पुसून मगच युनिट द्यावं.

आणि कुलूप असेल तर आकडे मालकाकडून तिथेच काढून घ्या. काही नुवींना चार आकडी कुलूप लावता येतं, ते आकडे विसरले तर ठरवून ठेवलेल्या सुरक्षित जागी युनिट नेल्यावरच ते उघडतं. ती जागा आधीच्या मालकाला माहीत, आपल्याला नाही.

रिकामी_सीट

मुक्काम, तुम्ही फोन केलात हे फार चांगलं केलंत.

आडवाट

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, पण हात हलवत नाही आलो.

कार्डवालं अनोळखी युनिट घाटमाथा यांचा प्रतिसाद वाचून लगेच सोडलं. टॉमटॉमवाल्यांकडे दुसरी केबल घेऊन गेलो. युनिट सुरू झालं, पण कोपऱ्यातली अक्षरं लागेनात. नुवीच्या मालकीणबाईंनी मात्र स्वतःहून लॅपटॉप काढला. गार्मिन एक्सप्रेसने युनिट ओळखलं, नव्या नकाशाचं नाव समोर आलं. मग अंगणात नेलं. सात मिनिटांनी जागा आली, तारीख आजची होती. तेच घेतलं.

नकाशा रात्रभर चढवला, लॅपटॉपची झोप बंद करून. जागा कमी पडलीच, कार्ड घातलं. 'घर' पुसून आमचं घर भरलं. बाबांची नेहमीची अकरा ठिकाणं आधीच यादीत टाकून ठेवलीत.

काल ते एकटेच जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "वळण यायच्या आधीच सांगते ती, मला मागे बघावं लागलं नाही." गेल्या दोन वर्षांत ते एकटे एवढ्या लांब गेले नव्हते. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

एकच राहिलंय, काचेवरचा चोषक सारखा सुटतो. काय करू?

काचेआड

वा, बाबांना नमस्कार सांगा! चोषक कोमट पाण्याने आणि थोड्या साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या. काचही आतून पुसून घ्या, तिच्यावर नकळत तेलकट थर बसलेला असतो. काच ऊबदार असताना दाबून लावा. आणि गाडी उन्हात उभी करताना युनिट काढून सावलीत ठेवा, बॅटरीचं आयुष्य वाढेल.

आडवाट

धुतला, लावला. सकाळपासून पक्का आहे.